बडोद्याचा सूफी

परदेशांत नांव निघाल्यावांचून आपल्या माणसाची ओळख आम्हांस पटत नाहीं. इनायतखान यांच्या बाबतींत तर तें निघूनही पटली नाहीं.

इनायतखान यांचा जन्म १८८२ सालीं बडोद्यास झाला. आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानें तेथें गायनशाळा चालवीत. त्यांच्याच घरांत नातू गाण्यांत व वीणावादनांत तयार झाला. पुढें हैदराबादेस निजामाच्या दरबारीं त्यांस मान मिळाला. पण त्याहून मोठा लाभ झाला तो चिश्ती परंपरेंतील अबू हाशिम मदनी यांच्या शिष्यत्वाचा. गुरूंच्या पश्चात् १९१० च्या सप्टेंबरांत ते अमेरिकेस निघाले. पदरीं आलेला लौकिक सोडून अनोळखी मुलखांत जाण्याचा हा व्यवहार कोणाही हिशेबी माणसास आतबट्ट्याचाच वाटला असता.

तेथें त्यांनीं दोन धाडसें केलीं. शिष्य होण्यास धर्मांतराची अट ठेविली नाहीं. ख्रिस्त्यानें ख्रिस्ती व यहुद्यानें यहुदी राहूनच त्यांच्याजवळ बसावें. दुसरें, स्त्रियांस त्यांनीं गुरुपदाचा अधिकार दिला. लंडन व पुढें पॅरिसजवळील सुरेन येथें व्याप वाढत गेला, आणि त्यापायीं प्राणाहून प्रिय वीणाही खालीं ठेवावी लागली. १९२७ च्या ५ फेब्रुवारीस, अवघ्या ४४ व्या वर्षीं, ते दिल्लींत वारले. निजामुद्दीन वस्तींत त्यांची कबर आहे.

कबरींवर नव्या चादरी घालणारे आमच्यांत पुष्कळ आहेत. परंपरेचें दार परक्यास व स्त्रीस उघडणारे किती, याचा हिशेब प्रत्येक दर्ग्याच्या व मठाच्या चालकांनीं एकदां मांडून पाहावा.