पंडिता रमाबाई आणि बार्तीमी सदन



पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती वाचक विरळा. त्यांची विद्वत्ता, शारदा सदन, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज त्यांच्या जीवनाकडे एका निराळ्या बाजूने पाहावे, अशी आपणांस विनंती आहे. या विदुषीचे वडील अखेरच्या दिवसांत जवळजवळ अंध झाले होते, आणि स्वतः रमाबाईंना ऐकू कमी येत असे. चरित्रकार या दोन गोष्टी एकेका वाक्यात सांगून पुढे जातात. आपण तेथे थोडे थांबू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. आल्यागेल्याच्या आदरातिथ्यात मालमत्ता संपली. मग हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. विद्या होती, पण मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि हात पसरणे ठाऊक नव्हते. दिवसेंदिवस त्यांनी रानातील पाल्यावर काढले. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. धाकट्या मुलीला त्यांनी अखेरचे कवटाळले तेव्हा तिचे मुख त्यांना दिसतही नव्हते.

यानंतरचा प्रसंग मला सर्वांत हृदयद्रावक वाटतो. आई मरणपंथाला लागली होती व अन्न मागत होती. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईकडे भाकरीचा तुकडा मागावयास गेली. परंतु तोंडातून शब्द फुटेना, नुसते अश्रू वाहू लागले. त्या माउलीने ओळखले व बाजरीची भाकरी दिली. रमा धावत परतली, तो आईची शुद्ध हरपली होती. प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन ती स्मशानापर्यंत चालली. थोड्याच दिवसांत थोरली बहीणही गेली.

पुढील इतिहास आपणांस माहीत आहे, म्हणून तो आटोपशीर सांगतो. बहीण-भाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांचा बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा राहिली.

त्याच वर्षी रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात हे आग्रहाने मांडले. स्वतः वैद्यकी शिकावी याच हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयाने राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण वैद्यकीचे दार बंद झाले. कारण एकच, मंद होत चाललेले कान. १८८६ च्या मार्च महिन्यात त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. जी पदवी आपल्याला मिळणे नाही ती आपल्या आप्तेच्या हाती पडताना पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार आपणच करावा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

वाचकहो, दुष्काळात कोणाचे हाल प्रथम होतात? ज्या घरात एकच भाकरी आहे, तेथे आंधळ्या मुलीच्या वाट्याला काय येणार? देवीच्या रोगाने व उपासमारीने त्या काळी कित्येक मुलांची दृष्टी जात असे. अशा लेकराला वाटेवर सोडणाऱ्या आईबापांना आपण चटकन निर्दय म्हणतो. रमाबाईंना तसे म्हणणे सोपे नसावे. भुकेने घर कसे मोडते, हे त्यांनी आपल्याच घरी पाहिले होते. म्हणून रोगी, दुबळ्या, अंध अशा मुलींनाही मुक्तीचे दार उघडे राहिले. एवढ्या तोंडांना रोज अन्न पुरवावयाचे असता ज्यांच्याकडून कामाची आशा नाही त्यांना घेऊ नये, असा व्यवहारी सल्ला देणे कोणासही सुचले असते.

पण कामाची आशा नाही हे तरी खरे होते काय? मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली व ती या अंध भगिनींना शिकविली. बोटांनी चाचपून त्या देवाचे वचन वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या. अंधांसाठी शाळा ही गोष्टच तेव्हा आपल्या देशात नवी होती. मिस ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसर येथे पहिली शाळा काढली होती, आणि मिस ॲना मिलार्ड यांची मुंबईची शाळा १९०० साली निघाली. केडगावच्या खेडेगावात अंध स्त्रियांच्या घराला नाव दिले गेले बार्तीमी सदन. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय हाका मारीत होता आणि लोक त्याला गप्प बसवीत होते, हे आपणांस स्मरत असेलच. रमाबाई तर अशा घरातून आल्या होत्या, जेथे हाक मारण्यापुरताही आवाज फुटला नव्हता.

वय वाढले तसे त्यांचे बहिरेपणही वाढले. ज्या कामाला कान लागत नाहीत, ते पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. खेड्यातील साध्या बाईलाही समजावे अशी त्याची भाषा ठेवली. त्यासाठी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि छपाईचे काम मुक्तीतील मुलींनीच शिकून घेतले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी प्रभूकडे गेल्या. ज्या मुलीच्या हाती सारे सोपवावयाचे तीच गेली, तरीही रमाबाई भाषांतराच्या टेबलापाशी परत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले.