कमला निंबकर

कमला विष्णू निंबकर (पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी) (इ.स. १९०० – इ.स. १९७९) या भारतातील व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) शाखेच्या आद्य प्रवर्तक होत.

== जीवन ==

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि कमला झाल्या. मुंबईत त्यांनी शाळा चालवली. चाळिशी ओलांडल्यावर अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. त्या वयात नव्याने विद्यार्थिनी होणे सोपे नव्हते. कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र, तर लेखिका जाई निंबकर या स्नुषा.

== कार्य ==

इ.स. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. इ.स. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. विणकाम, सुतारकाम, रोजची घरकामे यांसारख्या हेतुपूर्ण कृतींतून रुग्णाचे हात आणि मन पुन्हा कामास लावणे, हे या उपचाराचे तत्त्व आहे.

या शाखेचा बालकांच्या बाबतीतला उपयोग विशेष महत्त्वाचा आहे. अवधान-न्यूनता व अतिचंचलता असलेल्या काही मुलांत मज्जासंस्थेची सौम्य लक्षणे दिसतात. अंगठा एकेका बोटाला टेकवताना दुसऱ्या हाताची बोटेही आपोआप हलतात. तळहात भराभर उलटेपालटे करताना लय चुकते. एका पायावर उभे राहताना किंवा टाचेला पंजा जोडून चालताना तोल जातो. ही लक्षणे मेंदूतील एखाद्या ठरावीक जागेकडे बोट दाखवत नाहीत. लहान वयात ती निरोगी मुलांतही आढळतात व वाढत्या वयाबरोबर बहुधा ओसरतात. म्हणून केवळ त्यांवरून निदान करता येत नाही. मात्र गुंडी लावताना खोळंबणारे किंवा गिचमिड लिहिणारे मूल हट्टी वा आळशी नसून त्याच्या हातांनाच ती हालचाल अवघड जात असेल, ही शंका त्यांमुळे वेळीच येते. शाळेत अशा मुलाच्या वाट्याला बहुधा बोलणीच येतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ अशा मुलाच्या हालचाली तपासून खेळ व कृतींची आखणी करतात.

निंबकरांच्या कार्यकाळात या अवस्थेला आजचे नाव नव्हते. मेंदूचा किमान बिघाड, असे ढोबळ नाव प्रचलित होते. अवधान-न्यूनतेला केंद्रस्थानी ठेवणारे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात इ.स. १९८० मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी आले.

== स्मृती ==

मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे स्थापन केलेल्या मराठी माध्यमाच्या शाळेला कमला निंबकर बालभवन असे नाव आहे.