काचांचा वारसा

१९२७ साली पॅरिसमधील एक वृद्ध गृहस्थ एका तरुण अमेरिकन स्त्रीच्या स्टुडिओत छायाचित्र काढून घेण्यासाठी आले. त्यांचे नाव यूजेन आत्जे. त्या काळी छायाचित्र काचेवर घेत. जड कॅमेरा, तिवई आणि काचांची पेटी घेऊन हे गृहस्थ भल्या पहाटे पॅरिसच्या गल्लीबोळांतून हिंडत. जुनी घरे, दुकाने, फेरीवाले, जे जे लवकरच नाहीसे होणार, ते ते त्यांनी तीस वर्षे काचेवर उतरवून ठेवले. त्यांचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते. छायाचित्रे तयार झाली, ती दाखवावयास ती तरुणी त्यांच्या घरी गेली, तो त्यांचे निधन झालेले!

ही तरुणी म्हणजे बेरेनिस ॲबट. त्यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. शिल्पकला शिकण्यासाठी त्या पॅरिसला आल्या आणि कॅमेऱ्यातच रमल्या. आत्जे यांच्या काचांचे आता काय होणार, या चिंतेने त्यांना स्वस्थता लाभेना. त्यांनी आत्जे यांच्या मित्राला गाठले, खटपट करून पैसा उभा केला आणि १९२८ मध्ये हजाराहून अधिक काचा व हजारो छायाचित्रे विकत घेतली.

पुढील वर्षी त्या न्यूयॉर्कला आल्या, त्या थोड्या दिवसांपुरत्याच. पाहतात तो आठ वर्षांत शहर ओळखू येईना. जुनी घरे पडत होती, गगनचुंबी इमारती उठत होत्या. आत्जे यांनी पॅरिससाठी केले, ते येथे कोणी करावयाचे? पॅरिसमधील चांगला चाललेला व्यवसाय मोडून ॲबटबाई न्यूयॉर्कलाच राहिल्या. पोटासाठी माणसांची छायाचित्रे काढावी आणि बुधवार शहरासाठी राखावा, असा त्यांचा क्रम असे. साहाय्यासाठी त्यांनी अनेक दारे ठोठावली. सरकारी मदत मिळाली ती १९३५ मध्ये.

रात्रीच्या न्यूयॉर्कचे छायाचित्र त्यांनी एका उत्तुंग इमारतीवरून घेतले. पाच वाजता कचेऱ्या सुटत व दिवे मालवत. म्हणून पाचापूर्वीच काळोख पडेल असा डिसेंबरातील लहानात लहान दिवस त्यांनी निवडला. भिंग पंधरा मिनिटे उघडे ठेवावे लागले. मुलांनो, तेवढ्यात कॅमेरा किंचित जरी हलता, तरी सारे श्रम फुकट गेले असते!

त्यांचे ‘बदलते न्यूयॉर्क’ हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी टिपलेले भव्य पेनसिल्व्हेनिया रेल्वेस्थानक १९६३ पासून पाडले गेले.

आत्जे यांचा संग्रह त्यांनी चाळीस वर्षे सांभाळला आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या स्वाधीन केला. १९९१ मध्ये त्या वारल्या. वृद्ध आत्जे यांचा चेहरा आज लोक ओळखतात, तो त्यांना स्वतःला पाहावयास न मिळालेल्या त्या छायाचित्रांवरूनच.