७५० पैकी २८२ मार्क पडलेल्या बाबासाहेबांनी विद्यापीठाला परीक्षेचा अर्थ समजावून सांगितला होता

निकाल लागला की ९५ टक्केवाल्यांचे फोटो स्टेटसला झळकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे त्यांना ७५० पैकी २८२ मार्क पडले होते. म्हणजे साधारण साडेसदतीस टक्के. तरीही मुंबईत त्यांचा सत्कार झाला, कारण अस्पृश्य समाजातल्या पोरानं मॅट्रिक होणं हीच तेव्हा मोठी बातमी होती. त्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

पण हे २८२ मार्क नेमकं काय मोजत होते?

परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सगळं कुटुंब. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण जातीमुळे ते नाकारलं गेलं आणि फारशी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग तर चरित्रकार हमखास सांगतात. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गात गलका झाला. फळ्यामागे सवर्ण पोरांचे डबे ठेवलेले होते, ते बाटतील म्हणून. डबे हलवल्यावरच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आलं.

गणित येतं की नाही, हा प्रश्न नंतरचा होता. आधी फळ्यापर्यंत पोहोचू देणार का, हा प्रश्न होता.

तोच विद्यार्थी, वेगळी परीक्षा

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बी.ए. झालं आणि १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

आता इथला फरक समजून घ्या. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बांधलेलं होतं. त्याचं मुख्य काम होतं परीक्षा घेणं आणि पदव्या देणं. शिकवायचं काम कॉलेजांचं. कोलंबियात मात्र शिकवणं, संशोधन आणि तपासणं एकाच ठिकाणी चालायचं. विद्यार्थी सेमिनारमध्ये निबंध वाचायचा, त्यावर चर्चा व्हायची.

मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. शंभरहून जास्त वर्षं झाली तरी तो निबंध अभ्यासला जातो. २८२ मार्कांचा विद्यार्थी तो हाच.

लंडनमध्ये आणखी एक धडा मिळाला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या रूपात स्वीकारला नाही, पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी तो सुधारून परत दिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पहिल्या झटक्यात नाकारलं म्हणजे कायमचं नापास, असं तिथं नव्हतं.

१९२७ : विधिमंडळात परीक्षेवर चर्चा

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी एक आकडा मांडला. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ परत निरक्षर होतात.

त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं. शिक्षणाचा दर्जा वाढवायचा तर परीक्षा कडक करा, असं मानणारे तेव्हाही होते. बाबासाहेबांनी या समजालाच हात घातला. परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची मांडणी होती. दर्जाच्या नावाखाली परीक्षा अवघड करत नेली, तर आत्तापर्यंत विद्यापीठाचा उंबराही न ओलांडलेले समाज कायमचे बाहेर राहतील. गरिबाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे आणि नुसत्या परीक्षा घेऊन ते भागत नाही.

त्यांनी आणखी एक मागणी केली. विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासवर्गीयांना पुरेसं प्रतिनिधित्व द्या. म्हणजे नियम ठरवणाऱ्यांत त्या नियमांची झळ बसणारेही असतील.

मराठवाड्याकडे

बोलून ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळी वर्ग भरायचे.

मग त्यांनी मराठवाडा निवडला. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीत होता आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानचं विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथलं माध्यम उर्दू. कळमनुरी किंवा वसमतच्या मराठी पोराला पदवीच्या विषयाआधी भाषेचीच परीक्षा द्यावी लागायची. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केलं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यातली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला निघालेली पोरं तिथं शिकली.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. १९९९ मध्ये जिल्हा झालेल्या हिंगोलीतली कॉलेजं आज याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

आज याचा उपयोग काय?

सर्वसमावेशक मूल्यमापन हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. त्याचा अर्थ पेपर सोपा काढणं असा नाही. विद्यार्थ्याला विषय किती येतो तेवढंच मोजायचं, त्याच्या वाटेतले अडथळे मोजायचे नाहीत, असा आहे. ज्याला दिसत नाही त्याच्या हस्ताक्षराची परीक्षा कशाला? ज्याला बोलून चांगलं मांडता येतं त्याला फक्त तीन तासांच्या पेपरवरच का तोलायचं? तोंडी परीक्षा, प्रकल्प, सुधारून परत देता येणारं लेखन हे पर्याय याचसाठी असतात.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तर हा कायदाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य बदल, जादा वेळ आणि लेखनिकाची सोय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेण्यास पात्र असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास.

सेनगाव असो की औंढा नागनाथ, तुमच्या ओळखीत असा कुणी विद्यार्थी असेल तर परीक्षेचा फॉर्म भरतानाच कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्यायला सांगा. ही मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे. त्याच्या फळ्यासमोरचे डबे बाजूला करणं हे कॉलेजचं काम आहे.