ऑडी मर्फी: युद्ध जिंकलेला, पण झोप हरवलेला सैनिक

सकाळी उठल्यावर स्मार्टवॉचचा स्लीप स्कोर बघता ना? मीही बघतो. हे घड्याळ नसलेल्या काळातल्या एका माणसाची गोष्ट आज सांगतो.

ऑडी मर्फी अमेरिकेतल्या टेक्सासचा. जन्म १९२५, घरची गरिबी, वडील सोडून गेलेले. १९४१ मध्ये आई वारली. पुढच्याच वर्षी वय वाढवून दाखवत तो सैन्यात शिरला. २६ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधल्या होल्त्झविरजवळ, पेटलेल्या लष्करी गाडीवर चढून, तिच्यावरच्या मशीनगनने त्याने जवळपास तासभर जर्मन हल्ला रोखला. तेव्हा तो फक्त १९ वर्षांचा होता! त्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. पुढे तो हॉलिवूडचा हिरो झाला, ४० हून जास्त चित्रपट केले. १९५५ मध्ये तर स्वतःच्याच आयुष्यावरच्या सिनेमात स्वतःची भूमिका केली.

पण रात्री? युद्धाची भयानक स्वप्नं पडायची. उशाखाली भरलेलं पिस्तूल ठेवून तो झोपायचा. झोपेसाठी प्लॅसिडिल नावाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचंच व्यसन लागलं. शेवटी एका मोटेलच्या खोलीत आठवडाभर स्वतःला कोंडून घेत त्याने त्या सोडल्या. (असं घरी अजिबात करू नका. झोपेच्या गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं.)

मग त्याने जे केलं, ते मला रणांगणापेक्षाही धाडसाचं वाटतं. सैनिकांच्या मनावरच्या जखमांबद्दल तो उघडपणे बोलू लागला आणि सरकारने त्यावर उपचार द्यावेत म्हणून आग्रह धरला. १९७१ मध्ये विमान अपघातात तो गेला, वय ४५. 'पीटीएसडी' हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. म्हणजे त्याच्या आजाराला नाव मिळालं ते तो गेल्यावर ९ वर्षांनी. सॅन अँटोनिओमधलं माजी सैनिकांचं हॉस्पिटल आज त्याच्या नावाने आहे.

आज त्याला काय मिळालं असतं? आधी नीट तपासणी. स्लीप लॅबमध्ये रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन, डोळ्यांची हालचाल मोजतात. मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्याला सीपॅप मशीन लागतं. झोपच लागत नसेल तर सीबीटी-आय ही गोळ्यांशिवायची थेरपी पहिली निवड मानतात. दुःस्वप्नांसाठी 'नाइटवेअर' आहे: अ‍ॅपल वॉच नाडी आणि हालचालीवरून स्वप्न ओळखतं आणि हलकंसं व्हायब्रेट होतं, माणूस जागा न होता स्वप्नातून बाहेर यावा म्हणून. अमेरिकेच्या एफडीएने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. मिळतं मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

एक इंजिनिअर म्हणून सांगतो, आपलं साधं घड्याळ झोपेचा अंदाज लावतं, निदान करत नाही. तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असतील आणि रात्री ओरडत उठत असतील, श्वास अडकत असेल किंवा महिनोन् महिने झोप नसेल, तर 'फौजी माणूस आहे, सहन करेल' म्हणून सोडून देऊ नका. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन जा. मर्फीला हे सगळं एकट्याने सोसावं लागलं, त्यांना लागू नये.