रामदास थर आणि विमानतळावरचे धुके

हवामानशास्त्राच्या जागतिक ग्रंथांत वातावरणाच्या एका थराला भारतीय नाव आहे : रामदास थर. मराठी वाचकाला रामदास म्हणताच समर्थ आठवावेत हे स्वाभाविक. परंतु हे रामदास मूळचे पालघाटचे आणि त्यांची कर्मभूमी पुणे.

लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास यांचा जन्म १९०० सालचा. कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रकाशाच्या विकिरणावर संशोधन करून ते हवामान खात्यात दाखल झाले. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. रामदास त्या पेटीच्या खालचे जग मोजू लागले.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. त्यामुळे तीच सर्वांत थंड आणि वर जावे तसतशी हवा उबदार, असे तोवर मानले जाई. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांच्या नोंदी निराळेच सांगत होत्या. सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नव्हती. ती वीतभर वर होती आणि जमिनीपेक्षा काही अंशांनी थंड होती. १९३२ मध्ये हा निष्कर्ष जर्मनीतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा दोष मोजमापाचा मानला गेला. जड, गार हवा हलक्या हवेवर टिकेल कशी, हा आक्षेप काही पोकळ नव्हता. मात्र पुढे राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच, उघड्या जमिनीवर, काळजीपूर्वक मोजणी केली आणि १९५७ मध्ये रामदासांचे निरीक्षण खरे ठरवले. मध्ये पाव शतक गेले होते.

वैमानिकाला याचे काय? सुरत असो की आपले मोपा, धुक्याचा अंदाज बांधणारा हवामानतज्ज्ञ हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर पाहतो, रात्री आकाश निरभ्र राहील का आणि वारा किती असेल हे ताडतो. तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की बाष्पाचे थेंब होतात. दृश्यमानता हजार मीटरच्या खाली गेली की त्याला धुके म्हणतात. पेटीतला तापमापक दवबिंदूच्या वर असतानाही धावपट्टीलगत धुके धरू शकते. एकदोन अंशांनी अंदाज चुकला तर विमान दुसरीकडे वळवण्याची वेळ येते.

रामदास १९७९ मध्ये निवर्तले. या थराची सविस्तर कारणमीमांसा रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी बंगळूरहून १९९३ मध्ये मांडली. नंतरच्या प्रयोगांनी हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवले. धुक्याच्या अभ्यासासाठी बंगळूरच्या विमानतळावर अलीकडे जमिनीलगतच्या तापमानाची मोजणीही झाली आहे.