हैदराबादचे रहीमसाहेब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी जन्मभर शाळेत खेळाचा मास्तर. तेव्हा म्हटलं, आपल्याच पेशातल्या एका मोठ्या माणसाबद्दल लिहावं. त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली आलेला अजय देवगणचा 'मैदान' ज्यांनी पाहिला, त्यांना हे नाव ओळखीचं असेल.

रहीमसाहेब आपल्याला परके नाहीत बरं का. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत आपलं हदगाव हैदराबाद राज्यातच होतं. आपल्या भागातली हुशार मुलं पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात जायची. रहीमसाहेब त्याच उस्मानियात शिकले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचाच. शिक्षण झाल्यावर त्यांनी शाळेत मास्तरकी धरली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मुलांना खेळ शिकवायला लागले.

१९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. त्या काळी मुंबईच्या कूपरेजवर होणारा रोव्हर्स कप म्हणजे देशातल्या मानाच्या स्पर्धांपैकी एक. मोठमोठे संघ तिथे उतरायचे. हैदराबादच्या पोलिसांनी तो कप १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वर्षं जिंकला.

देशाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांचं पहिलं मोठं यश १९५१ चं. दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने अंतिम सामन्यात इराणला एक गोलने हरवलं आणि सुवर्णपदक मिळवलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा विरुद्ध एक असं धुऊन काढलं. आपले बरेच खेळाडू तिथे अनवाणीच खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. बूट काय, दुकानात मिळतात. खेळाची जुनी सवय मोडणं अवघड. एकट्याने चेंडू घेऊन चार जणांना चकवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि शेवटी चेंडू घालवायचा, ही आपली तेव्हाची रीत. चेंडू आला की अडवून न ठेवता लगेच जोडीदाराकडे द्यायचा, हा रहीमसाहेबांचा आग्रह.

त्यांची खरी मास्तरकी इथे दिसते. पोरांसाठी ते निराळ्याच स्पर्धा भरवायचे. एकीत चेंडू घेऊन चकवत पळायला बंदी, म्हणजे पास दिल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरीत कच्च्या पायानेच चेंडू मारायचा. कुठे उंचीची मर्यादा, म्हणजे लहानखुऱ्या पोरालाही संधी. मीही वर्गातल्या पोरांकडून असे खेळ करून घेतलेत. चार दिवस कुरकुर करतात, पाचव्या दिवशी पाय आपोआप वळायला लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. तिथेही पहिला गोल आपलाच होता. शेवटी चार विरुद्ध एक असे हरलो, पण जगात चौथे आलो. १९६० मध्ये रोमला फ्रान्सला बरोबरीत रोखलं. त्यानंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोहोचलेलाच नाही.

१९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांपर्यंत कर्करोगाने त्यांचं शरीर पोखरलं होतं. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध हरला. मग बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. एवढ्या जखमेनंतर त्याला बाकावर बसवायचं, की काय? रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क पुढच्या फळीत खेळवलं. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इस्रायल आणि तैवानला खेळांपासून दूर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता. त्यामुळे लाखभर प्रेक्षक आपल्यावर चिडलेले, सगळं स्टेडियम विरोधात. तरी पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांवर आपण दोन विरुद्ध एक असे जिंकलो. कर्णधार होता चुनी गोस्वामी.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीमसाहेब गेले. वय अवघं त्रेपन्न. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम पुढे खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक म्हणून नावाजले. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्ण मात्र आपल्याला पुन्हा मिळालं नाही.

साठ वर्षं उलटून गेली. असं का झालं, यावर जाणकार पुष्कळ बोलतात. मला मास्तर म्हणून एकच गोष्ट दिसते. रहीमसाहेबांनी काम सुरू केलं ते लहान पोरांपासून. आधी पोरं, मग संघ, मग पदक. आपण पदकापासून सुरुवात करतो.

आता थोडं घरचं. सोसायटीतल्या मोकळ्या जागेवर फरशी टाकून गाड्या लावाव्यात, हा विषय दरवर्षी सर्वसाधारण सभेत निघतो. गाड्यांची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण संध्याकाळी तिथे आठ-दहा पोरं-पोरी दोन विटांचा गोल करून खेळतात. जागा लहान, म्हणून पास लवकर द्यावा लागतो. रहीमसाहेबांना हेच तर हवं होतं. पंचविसाव्या वर्षी आपण एवढा एक ठराव करावा, की ती जागा पोरांचीच राहील. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्यावं. अनुमोदक कोण, ते सभेत कळेलच.